खात्यात पाचशे रुपये असले तरी चोराला तुमचा मोबाइल का हवा असतो?

हरसूल : ऑनलाइन फसवणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमच्या खात्यात आहे तरी काय? चोर काय नेणार?’ भात, नागली, वरई पिकवणारा आणि चार महिने मजुरीला बाहेर जाणारा माणूस असं म्हणतो, तेव्हा त्यात खोटं काही नसतं. शिल्लक खरंच कमी असते. पण मोबाइलचा चोर शिल्लक बघून येत नाही. त्याला तुमचा नंबर, तुमचं नाव, तुमचा अंगठा आणि तुमच्यावर गावाचा असलेला भरवसा हवा असतो. या चार गोष्टी त्याला मिळाल्या की तो तुमच्या नावाने दुसऱ्यांना लुटतो, आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

हे कसं होतं, ते नीट समजून घेऊ. कारण ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढं आता सगळ्यांना पाठ आहे. फसवणूक मात्र त्याच्या पुढे गेली आहे.

भावाच्या नंबरवरून आलेली फाइल

व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव असतं ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, ‘लाडकी बहीण केवायसी’, लग्नसराईत असेल तर ‘लग्नपत्रिका’. नावाच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरं असतात : एपीके. ही अक्षरं लहान असतात, पण सगळी गोम तिथेच आहे. फोटोच्या नावाच्या शेवटी जेपीजी असतं, कागदाच्या शेवटी पीडीएफ असतं. एपीके म्हणजे फोटो नाही, कागद नाही, ते अख्खं ॲप आहे. ते दाबलं की फोन विचारतो, ‘इन्स्टॉल करायचं का?’ लग्नाची पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? हा प्रश्न दिसला की तिथेच थांबायचं.

पुढे काय होतं बघा. ॲप बसतं आणि परवानग्या मागतं : मेसेज वाचायची, संपर्क बघायची, कधी स्क्रीनवर काय चाललंय ते बघायची. आपण घाईत ‘अलाऊ, अलाऊ’ करत जातो. आता बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला, की त्याची नक्कल चोराकडे जाते. तुम्ही ओटीपी कुणालाही सांगितलेला नसतो, तरी तो गेलेला असतो. काही ॲप तर बसल्यावर स्वतःचं चिन्हच लपवतात. ‘काही उघडलंच नाही’ म्हणून माणूस विसरून जातो, आणि आतमध्ये काम सुरू राहतं.

खात्यात पाचशेच रुपये असतील तर पाचशेच जातील. पण खरा माल पुढे आहे. तीच फाइल आता तुमच्या नंबरवरून तुमच्या सगळ्या ग्रुपमध्ये जाते. बचत गटाच्या, शाळेच्या, भावकीच्या, क्रिकेट मंडळाच्या. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल लोक उघडत नाहीत, एवढं शहाणपण आलंय. पण मामाच्या नंबरवरून आली तर? अंगणवाडीताईंच्या नंबरवरून आली तर? आवणीच्या दिवसांत वरच्या खाचराचा बांध फुटला की पाणी खालच्या सगळ्या खाचरांत उतरतं, तसंच हे. बांध एकाचा फुटतो, नुकसान खालच्यांचं होतं. आणि ज्याचा फुटला त्याला बरेचदा पत्ताही नसतो.

म्हणून नियम असा धरा : फाइल कुणाकडून आली ते बघू नका, फाइल कसली आहे ते बघा. शंका आली तर पाठवणाऱ्याला साधा फोन लावा, ‘तू काही पाठवलंस का?’ व्हॉट्सॲपवर मेसेज करून विचारू नका. व्हॉट्सॲप चोराच्या हातात गेलं असेल, तर ‘हो, मीच पाठवलं’ असं उत्तर तोच देईल.

सरकारी योजनांचं एक लक्षात ठेवा. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात येतात. त्यासाठी कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लगेच खोट्या वेबसाइटही निघाल्या. योजनेची बातमी आली की दोन-चार दिवसांत तिच्या नावाची फसवणूक येतेच, असं धरूनच चालायचं. कुठलंही ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधूनच. तिथेही खाली बनवणाऱ्याचं नाव वाचायचं. केवायसी करायचीच असेल तर आपले सरकार केंद्रात जाऊन केलेली बरी. फेरी पडेल, पण चालेल.

‘नीट आला नाही, परत लावा’

आपल्या भागात मोबाइलपेक्षा जास्त वापर अंगठ्याचा होतो. रेशनला अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा, सिम घ्यायला अंगठा. वयस्कर माणसांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात, अंगठा खरंच पहिल्या वेळी लागत नाही. त्यामुळे ‘नीट आला नाही, परत लावा’ या वाक्यावर कुणी संशय घेत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. सगळ्या केंद्रचालकांना चोर ठरवण्याचा इथे हेतू नाही. कित्येक पाड्यांवर तोच माणूस बँक आहे. पण प्रत्येक अंगठ्यामागे एक व्यवहार असू शकतो, हे माहीत हवं.

पैसे काढताना यंत्राच्या किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर रक्कम दाखवायला सांगा. अंगठा लागला नाही म्हटलं तर ‘व्यवहार फेल झाल्याची पावती द्या’ म्हणा. पावती मागण्यात अपमान कुणाचाच नाही. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर पैसे गेल्याचा मेसेज येतो. तो घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लगेच वाचून घ्या, घरी जाऊन नको.

आधारचा अंगठा कुलूपबंदही करता येतो. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर ‘बायोमेट्रिक लॉक’ नावाची सोय आहे. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो. कुलूप लावल्यावर तुमच्या अंगठ्याने कुठेच व्यवहार होत नाही. अडचण एवढीच की रेशनच्या दुकानातही होत नाही, तिथे जाण्याआधी तात्पुरतं उघडावं लागतं. दर महिन्याला अंगठ्यावरच ज्यांचं घर चालतं, त्यांना हे जिकिरीचं होईल. पण घरातल्या ज्या माणसाचा अंगठा कुठेच वापरला जात नाही, त्याचं आधार उघडं ठेवण्यात काही अर्थ नाही. आधारच्या चौकशीसाठी १९४७ हा नंबर आहे, स्वातंत्र्याच्या सालामुळे लक्षात राहतो.

आता सिमचं. बाजारात छत्रीखाली बसून सिम विकणाऱ्याने अंगठा दोनदा घेतला, तर दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाने दुसरं सिम निघू शकतं. ते कुठल्या तरी राज्यात बसून लोकांना फसवायला वापरलं जातं, आणि कागदावर नाव असतं तुमचं. हे तपासायची सोय सरकारने दिली आहे. दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, आता त्याचं ॲपही आहे. त्यात आपला नंबर टाकून, आलेला ओटीपी भरून, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ अशी नोंद करता येते. पाच मिनिटांचं काम आहे, रेंज असेल तिथे बसून करावं. हरवलेला फोन बंद पाडायची सोयही याच ठिकाणी आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. पुष्कळ जण दर वर्षी नवं सिम घेतात आणि जुनं टाकून देतात. जुना नंबर बँकेला तसाच जोडलेला राहतो. बराच काळ रिचार्ज झाला नाही की कंपनी तो नंबर बंद करते, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते. मग तुमच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी त्या माणसाकडे जायला लागतात. नंबर बदलला की आधी बँकेत आणि आधारला बदला. स्टेटस नंतर ठेवलं तरी चालेल.

पुण्याचा दरोडा आणि एटीएमसमोर उभी असलेली माणसं

साध्या माणसाशी या मोठ्या चोऱ्यांचा काय संबंध, हे समजायला पुण्यातलं एक खरं प्रकरण बघू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले. एटीएममधून कुणी पैसे मागितले की ‘याच्या खात्यात आहेत का?’ हे बँकेला विचारलं जातं. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली, ती प्रत्येक वेळी ‘हो, द्या’ म्हणत राहिली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात या प्रकारामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं गेलं. आता विचार करा. इतक्या लांब बसलेला चोर एटीएममधून नोटा कशा काढणार? त्याला हात लागतात. खोटी कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी माणसं लागतात. भारतातल्या एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं आपल्याच देशातली होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, ती पैसे काढणाऱ्या साखळीतल्या लोकांना. संगणक फोडणारा डोकेबाज लांबच राहिला.

आज हीच साखळी खात्यांची झाली आहे. फसवणुकीचे पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. त्याला गरिबाचं, साधं, कुणाच्या डोळ्यांत न येणारं खातं हवं असतं. म्हणून कुणीतरी येतो : ‘खातं नुसतं पडून आहे ना? पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेलं सिम दे, दर महिन्याला काही पैसे देतो.’ हा माणूस अनोळखीच असतो असं नाही. कामाच्या ठिकाणी भेटलेला असतो, मित्राचा मित्र असतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला किंवा कंपनीत कामासाठी सातपूर-अंबडला गेलेल्या पोरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पगारासाठी म्हणून कुणी खातं उघडून दिलं, तर पासबुक, कार्ड आणि सिम तिन्ही स्वतःच्या खिशात हवीत. ‘माझ्याकडे राहू दे’ म्हणणाऱ्याला कारण विचारा.

अशा खात्यातून लाख-दोन लाख इकडून तिकडे गेले की तक्रार होते, खातं गोठवलं जातं, आणि चौकशीची नोटीस खातेदाराच्या पत्त्यावर येते. ‘मी फक्त कार्ड दिलं होतं’ याने सुटका होत नाही, कारण कार्ड देणं हाच साखळीतला दुवा आहे. त्याच खात्यात किसानचा हप्ता, रोजगार हमीची मजुरी येत असेल तर तीही अडकते. महिन्याच्या थोड्या भाड्यापायी वर्षभराचा पैसा बंद, हा व्यवहार कुणाला परवडेल?

याच्याशी जोडलेला आणखी एक प्रकार. अचानक तुमच्या खात्यात काही हजार रुपये येतात आणि मागोमाग फोन : ‘चुकून आले, या नंबरवर परत पाठवा, दवाखान्याचे आहेत.’ आपली माणसं भोळी, लगेच पाठवतात. ते पैसे दुसऱ्या कुणाकडून लुटलेले असू शकतात, आणि परत पाठवायला दिलेलं खातं तिसऱ्याचंच असतं. फोन करणाऱ्याला एवढंच सांगा, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेला मी कळवतो.’ आणि खरंच बँकेत जाऊन लेखी कळवा. काही वेळा तर पैसे आलेलेच नसतात, फक्त आल्याचा खोटा मेसेज असतो. मेसेजवर जाऊ नका, शिल्लक बघा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. बाजारात वस्तू विकणाऱ्या बायांनी एवढी एक ओळ पाठ केली तरी पुष्कळ झालं.

माणसाचं खातं जसं वापरलं जातं, तसं यंत्रही. आता किराणा दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटला जोडलेले कॅमेरे लागले आहेत. बसवणारा माणूस कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवून जातो. २१ ऑक्टोबर २०१६ ला जगभरातले असेच लाखभर कॅमेरे आणि राउटर चोरांनी ताब्यात घेऊन एकाच कंपनीवर सोडले, आणि अमेरिकेतल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना काही कळलंही नाही. तेव्हा कॅमेरा बसवून झाला की पासवर्ड बदलून घ्या, बसवणाऱ्याचे पैसे देण्याच्या आधी.

दाबलं गेलंच तर

समजा फाइल दाबली गेली. पहिली गोष्ट, घरात आरडाओरडा नको. पोराने किंवा म्हातारीने दाबलं आणि तुम्ही धारेवर धरलं, तर पुढच्या वेळी ते लपवतील. लपवण्यात तास जातात, आणि इथे खेळ मिनिटांचा आहे.

फोनचा इंटरनेट लगेच बंद करा, विमान मोड लावला तर उत्तम. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. हा देशभरासाठीचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्या-पाचव्यात पळवले जातात. तक्रार लवकर झाली तर वाटेतल्या बँकेला रक्कम रोखता येते. एकदा ती एटीएममधून नोटा होऊन निघाली की रोखायला काही उरत नाही. १९३० लागत नसेल, पाड्यावर रेंज नसेल, तर वाट बघत बसू नका. रेंजच्या टेकाडावर जा किंवा सरळ हरसूल पोलीस ठाणे गाठा. तुम्ही नाशिकला कामावर असाल आणि फसवणूक तिथे झाली असेल, तर तिथल्या कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तशी तरतूद आहे.

बँकेला कळवल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याला महत्त्व दिलं आहे. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि तुम्ही मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तुमच्या हलगर्जीपणाने पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवायचंच.

त्यानंतर फोनकडे वळा. सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडून अनोळखी ॲप काढून टाका. निघत नसेल तर फोटो वगैरे बाजूला काढून फोन पूर्ण पुसून घ्यावा, जाणकाराकडून. यूपीआय पिन बदला, पण त्याच फोनवर नाही. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, तिथे ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर बाहेर काढा. आणि तिथेच ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावून घ्या. हा पिन आजच लावला तर तुमचा व्हॉट्सॲप पळवणं पुढे फार अवघड होतं.

एक काम लोक लाजेने टाळतात. ग्रुपमध्ये सांगणं. ‘माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका, माझा फोन बिघडलाय’ एवढी एक ओळ, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना, टाका. ज्या ग्रुपचे तुम्ही ॲडमिन आहात तिथली फाइल सगळ्यांसाठी डिलीट करा आणि तो नंबर तात्पुरता बाहेर काढा. बाहेर काढलेल्या माणसाने राग धरू नये, दोन दिवसांनी परत घेता येतं.

ठाण्यात जाताना पासबुक, व्यवहाराचा मेसेज, चोराचा नंबर आणि त्या फाइलचा किंवा गप्पांचा स्क्रीनशॉट न्या. फोन पुसण्याच्या आधी हे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. पुसल्यावर पुरावाही जातो. रोखलेली रक्कम लगेच हातात येत नाही, पोलिसांमार्फत न्यायालयाचा आदेश लागू शकतो, त्याला वेळ जातो. मधल्या काळात कुणी फोन करून ‘मी सायबरमधून बोलतोय, तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा’ असं म्हणालं, तर ती रक्कम भरू नका. फसलेल्यांच्या नंबरांची यादी याच टोळ्या एकमेकांना विकतात. हा दुसरा फोनही ठाण्यात दिलेल्या तक्रारीला जोडून द्या.